तीन नवरे, एक जहागीर आणि एक हक्कसोडपत्र

केंब्रिज विद्यापीठातल्या क्लेअर कॉलेजच्या कुलचिन्हाला काळी किनार आहे आणि त्या किनारीवर सोनेरी थेंब आहेत. ते थेंब म्हणजे कॉलेज उभारणाऱ्या बाईचे अश्रू, अशी तिथली जुनी समजूत. तिचे तीन नवरे एकामागून एक गेले, म्हणून हे तीन वैधव्यांचं रडणं, असं म्हणतात. माझ्या भाचीने तिथून त्या ढालीचा फोटो पाठवला आणि खाली एक प्रश्न टाकला: ‘हे कॉलेज एका बाईने १३३८ मध्ये उभं केलं म्हणतात, आणि मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात झाली १९७२ मध्ये. हे कसं काय?’

हिशेब केला, ६३४ वर्षं होतात. पण मला त्यातला अलीकडचा भाग तेवढा नवलाचा वाटत नाही. मुलींना दारात उभं न करणाऱ्या संस्था आपण पुष्कळ पाहिल्यात. कोडं आहे ते १३३८ चं. ज्या काळात बाईचं लग्न राजा ठरवतो, नवरा तिच्या जमिनीचा वसूल खातो आणि कुणी तिला किल्ल्याच्या बाहेरून उचलूनही नेऊ शकतो, त्या काळात एका बाईकडे अख्खं कॉलेज पोसण्याइतका पैसा आला कुठून? आणि तो तिने स्वतःच्या मर्जीने खर्च कसा केला?

बाईचं नाव एलिझाबेथ. माहेर क्लेअर घराणं, पहिलं सासर डि बर्ग. कागदोपत्री ती ‘लेडी ऑफ क्लेअर’, म्हणजे क्लेअरची स्वामिनी. जन्म १६ सप्टेंबर १२९५, ट्यूक्सबरी इथे. मृत्यू ४ नोव्हेंबर १३६०. या दोन तारखांच्या मधल्या पासष्ट वर्षांत तिच्या बाबतीत जे जे घडलं, ते समजायला आधी इंग्लंडचा वारसाहक्क समजून घ्यावा लागतो. तो वाटतो तेवढा अवघड नाही, पण थोडा चमत्कारिक आहे.

## मुलीला जमीन मिळायचीच कशी?

‘मध्ययुगात बायकांना काही हक्कच नव्हते’ असं आपण सर्रास म्हणतो. ते अर्धवट खरं आहे. इंग्लंडच्या सरदार घराण्यांत नियम असा होता: मुलगा असेल तर सगळी जहागीर थोरल्या मुलाला. सगळी म्हणजे सगळी. धाकट्या भावांना बापाने मेहेरबानीने जे काढून दिलं असेल तेवढंच. पण मुलगा नसेल आणि मुली असतील, तर थोरली-धाकटी असा भेद न करता सगळ्या मुलींमध्ये सारखी वाटणी.

याचा परिणाम मजेशीर. चार भावांतल्या धाकट्याच्या हाती काही लागेल याची खात्री नाही, पण भाऊ नसलेल्या तीन बहिणींतल्या धाकटीला मात्र तिसरा हिस्सा हक्काने. आणि मुलगे लढाईत मरत, तापाने मरत, पाळण्यात मरत. त्यामुळे ‘मुलगा नसेल तर’ हा अपवाद काही क्वचितचा नव्हता. मोठमोठ्या जहागिरी दर काही पिढ्यांनी मुलींकडे येत आणि मुलींबरोबर दुसऱ्या घराण्यात जात.

एलिझाबेथचे वडील गिल्बर्ट, ग्लॉस्टरचे अर्ल, म्हणजे तिथले बडे सरदार. तांबड्या केसांमुळे त्यांना ‘रेड अर्ल’ म्हणत. आई जोन, ही राजा पहिल्या एडवर्डची मुलगी. म्हणजे एलिझाबेथ राजाची नात. ती तीन महिन्यांची व्हायच्या आत वडील गेले. मोठा भाऊ गिल्बर्ट, मग एलेनॉर, मग मार्गारेट आणि शेंडेफळ ही. भाऊ होता, त्यामुळे तिघी बहिणी ‘चांगल्या घरच्या मुली’ होत्या, वारस नव्हत्या.

त्याच हिशेबाने १३०८ मध्ये, तेराव्या वर्षी, तिचं लग्न झालं. नवरा जॉन डि बर्ग, आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या अर्लचा वारस. त्याच सुमारास जॉनची बहीण मॉड एलिझाबेथच्या भावाला दिली. आपल्याकडे याला साटंलोटं म्हणतात. दोन्ही घरं खूश, सोयरीक दुहेरी पक्की. एलिझाबेथ आयर्लंडला गेली, १३१२ मध्ये मुलगा झाला, विल्यम. पुढच्याच वर्षी जॉन एका किरकोळ चकमकीत मारला गेला. ही सतरा-अठरा वर्षांची, पदरात तान्हं मूल.

इथवरची गोष्ट त्या काळच्या कुठल्याही सरदारकन्येची असू शकली असती. पण २४ जून १३१४ ला स्कॉटलंडमध्ये बॅनकबर्नची लढाई झाली. इंग्रजांचा सपाटून पराभव झाला आणि त्यात भाऊ गिल्बर्ट पडला, तेवीस वर्षांचा. मूलबाळ मागे नाही. एका दुपारीत तिघी बहिणी इंग्लंडच्या सगळ्यात मोठ्या जहागिरींपैकी एकीच्या वारस झाल्या.

## अडीच-तीन वर्षं चाललेलं गरोदरपण

वाटणी लगेच व्हायला हवी होती. ती झाली नोव्हेंबर १३१७ मध्ये. मधल्या काळात काय झालं, तर गिल्बर्टची विधवा मॉड हिने सांगितलं, मी गरोदर आहे.

कायद्याच्या दृष्टीने हे रास्तच. पोटातलं मूल जन्मलं, तर मुलगा असो की मुलगी, सगळी जहागीर त्याचीच. आत्यांना काही नाही. म्हणून वाट पाहायची. नऊ महिने गेले. वर्ष गेलं. दुसरं गेलं. मॉड अजून गरोदरच! बहिणींच्या बाजूने, विशेषतः थोरलीच्या नवऱ्याकडून, तक्रारी होत राहिल्या आणि राजाचे न्यायाधीश कायद्यातल्या बारकाव्यांवर घोळ घालत बसले.

यात राजाचा फायदा उघड होता. वारस ठरत नाही तोवर जहागीर राजाच्या ताब्यात आणि तिचं उत्पन्न राजाच्या खजिन्यात. कोर्टात अडकलेल्या मिळकतीचं भाडं मधल्या काळात कोण खातं, हे ज्याने घरचा दावा पाहिलाय त्याला सांगायला नको.

उत्पन्न किती? एकूण जहागिरीचं वर्षाला सुमारे ६,००० पौंड, म्हणजे प्रत्येक बहिणीला साधारण २,०००. त्या वेळी एका पौंडाचे २४० पेनी होत आणि कसबी सुताराला दिवसाची मजुरी तीन-चार पेनी मिळे. वर्षाला अडीचशे दिवस काम धरलं, तर एलिझाबेथचं एका वर्षाचं उत्पन्न कमवायला त्या सुताराला साडेचारशे वर्षांहून जास्त लागली असती.

तिच्या वाट्याला पूर्व इंग्लंडमधला सफक परगण्यातला क्लेअरचा किल्ला आणि त्याभोवतीची गावं आली, डॉर्सेटमधली काही जमीन आली, आयर्लंडमधला हिस्सा आला आणि वेल्समधला अस्क आला. हे अस्क लक्षात ठेवा.

## मग जमीन तिची की नवऱ्याची?

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून.

हल्ली घर बायकोच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते. कागदावर ती मालकीण. पण भाडेकरूचं भाडं नवऱ्याच्या खात्यात जमा होतं आणि कुलमुखत्यारपत्रही त्याच्याच कपाटात, अशी घरं आपल्या ओळखीत असतात. चौदाव्या शतकात ही व्यवस्था ‘चालतं असं’ या पातळीवर नव्हती, तोच कायदा होता. वारस बाईचं लग्न झालं की जमिनीची मालकी तिची राही, ताबा आणि वसूल नवऱ्याचा. लग्न टिकून आहे तोवर कायद्याच्या नजरेत तिचं वेगळं अस्तित्वच जवळपास नाही.

त्यावर आणखी एक कलम. बायको आधी मेली तर तिची जमीन लगेच तिच्या वारसाकडे जायला हवी. पण त्या लग्नातून एक जरी मूल जिवंत जन्मलं असेल, मग ते पुढे तासाभरात गेलं तरी, नवऱ्याला ती जमीन मरेपर्यंत भोगता येई. मूल जिवंत जन्मलं याचा पुरावा काय? त्याचं रडणं चार भिंतींच्या आत ऐकू आलं पाहिजे. शेकडो एकरांचा निकाल एका टाहोवर लागायचा.

आता उलटी बाजू. नवरा मेला, तर विधवेला त्याच्या जमिनीचा एकतृतीयांश हिस्सा हयातभर मिळे. शिवाय तिची स्वतःची वडिलोपार्जित जमीन तिच्या हातात परत येई, आणि या वेळी खरोखर हातात. विधवा बाई स्वतःच्या नावाने करार करू शके, दावा लावू शके, कारभारी नेमू शके, काढू शके. सवाष्णीला जे नाही, ते विधवेला होतं. आपल्याकडच्या वैधव्याच्या कल्पना डोक्यात ठेवून हे वाचलं की उलटं-पालटं वाटतं, पण तसंच होतं.

आणि म्हणूनच श्रीमंत विधवेला विधवा राहू देणं कुणालाच परवडत नसे.

## ‘पळवून नेलं’ म्हणजे नक्की काय?

१२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे राजाने सरदारांना लिहून दिलेल्या हक्कांच्या सनदेत, एक कलम आहे: विधवेला तिच्या इच्छेविरुद्ध पुन्हा लग्न करायला भाग पाडू नये. छान. पण त्याच कलमाचा दुसरा भाग असा की राजाकडून थेट जमीन धारण करणाऱ्या विधवेने राजाच्या परवानगीशिवाय लग्न करणार नाही, अशी हमी द्यावी. म्हणजे ‘नको’ म्हणायची मुभा आहे, ‘याच्याशी’ म्हणायची नाही.

भाऊ गेल्यावर राजा दुसऱ्या एडवर्डने, हा तिचा सख्खा मामा, तिला आयर्लंडहून परत बोलावून घेतलं आणि ब्रिस्टलच्या किल्ल्यात ठेवलं. वारस भाची नजरेसमोर असलेली बरी. १३१६ च्या फेब्रुवारीत थिओबाल्ड डि व्हर्डन नावाचा सरदार, आयर्लंडमध्ये राजाचा मुख्य अधिकारी राहिलेला माणूस, तिला ब्रिस्टलहून घेऊन गेला आणि तिच्याशी लग्न केलं.

राजा भडकला. प्रकरण पार्लमेंटपुढे गेलं. व्हर्डनचं म्हणणं, आयर्लंडमध्येच आमचं ठरलं होतं आणि ती आपण होऊन किल्ल्याबाहेर कोसभर चालत मला भेटायला आली.

खरं काय? आधुनिक वाचक लगेच बाजू घेतो: कुणाला यात प्रेमकथा दिसते, कुणाला अपहरण. अडचण अशी की त्या काळच्या कायद्यात पळवून नेणं आणि बलात्कार या दोन्हींसाठी एकच लॅटिन शब्द वापरत, आणि मुलगी स्वतः निघून गेली तरी तोच शब्द लागू पडे, कारण अपराध घडला तो तिच्या पालकाविरुद्ध. ‘ती राजी होती का’ हा प्रश्न कागदाने विचारलाच नाही. व्हर्डनची बाजू नोंदलेली आहे, राजाची तक्रार नोंदलेली आहे, वीस वर्षांच्या एलिझाबेथचं म्हणणं नाही.

हे एकटीच्याच नशिबी होतं असंही नाही. पुढे १३३६ मध्ये तिच्या बहिणीची, मार्गारेटची, एकुलती लेक राल्फ स्टॅफर्ड नावाच्या सरदाराने उचलून नेली. आईबापांनी तक्रार केली, राजाने आपल्या मर्जीतल्या स्टॅफर्डला पाठीशी घातलं आणि लग्न कायम झालं. वारस मुलगी म्हणजे चालतीबोलती जहागीर.

व्हर्डन सहा महिनेही जगला नाही. जुलै १३१६ मध्ये गेला, तेव्हा एलिझाबेथ गरोदर होती. ती एम्सबरीच्या मठात गेली, तिथे तिची मावशी मेरी जोगीण होती. मार्च १३१७ मध्ये तिथेच मुलगी झाली, इझाबेला. बाळंतपणाआधीपासूनच राजामामाची पत्रं सुरू झाली होती: माझा मित्र रॉजर डॅमरी, त्याच्याशी लग्न कर. डॅमरी साधा सरदार होता, पण त्या घडीला राजाचा लाडका. बाळंतपण उरकलं आणि लग्न झालं. लगोलग वाटणीही झाली. मॉडचं गरोदरपण त्याच वर्षी संपावं, हा योगायोग मला काही पटत नाही. तोवर तिन्ही बहिणी राजाच्या तीन मर्जीतल्या माणसांच्या घरी पोचल्या होत्या.

## दाजी

त्या तिघांत सगळ्यात हावरा निघाला थोरल्या एलेनॉरचा नवरा, धाकटा ह्यू डिस्पेन्सर. एलिझाबेथचा नात्याने दाजी. वाटणीत त्याला वेल्समधला ग्लॅमॉर्गन मिळाला होता. त्याला सगळं दक्षिण वेल्स हवं होतं आणि मध्ये मेहुण्यांच्या जमिनी होत्या. आधी मार्गारेटच्या नवऱ्याची जमीन त्याने दाबली. मग बाकीचे सरदार बिथरले आणि १३२१ मध्ये बंड झालं. डॅमरीही बंडवाल्यांत गेला. राजाच्या मर्जीतली जागा डिस्पेन्सरने केव्हाच बळकावली होती.

बंड फसलं. मार्च १३२२ मध्ये आजारी डॅमरी टटबरी इथे पकडला गेला. राजद्रोहाची शिक्षा सुनावली गेली. कधीकाळचा लाडका आणि भाचीचा नवरा म्हणून फाशी तेवढी टळली. पण काही दिवसांत तो मेलाच. एलिझाबेथला त्याआधीच अस्कच्या किल्ल्यात पकडून मुलांसकट लंडनजवळच्या बार्किंगच्या मठात डांबलं होतं. सव्विसावं वर्ष, तिसरं वैधव्य.

इथे एक शंका येते: नवरा गद्दार ठरला, तर तिची जमीन जप्त होणं रास्तच ना? नाही. नवऱ्याची स्वतःची जमीन जप्त होई. बायकोची वडिलोपार्जित जमीन त्याची नव्हतीच, त्याला फक्त वसूल होता. तो मेला की ती तिला परत मिळायला हवी. हे राजालाही माहीत होतं, डिस्पेन्सरलाही. म्हणूनच त्यांना तिचा शिक्का हवा होता.

## यॉर्कचा नाताळ

जमिनीच्या कागदाची ताकद ज्याला माहीत आहे, त्याला पुढचा प्रकार लगेच कळेल. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात. ‘कुठे जाणार आहे जमीन, सही कर, माहेरची वाट तुटायला नको.’ त्या कागदात बहीण ‘स्वखुशीने’ हक्क सोडत असते.

एलिझाबेथकडून आधी कैदेतच एक अदलाबदल करून घेतली: अस्क डिस्पेन्सरला, त्याबदल्यात वेल्समधलंच गॉवर तिला. गॉवरचं उत्पन्न कमी. १३२२ च्या नाताळाला राजाने तिला यॉर्कला बोलावलं. तिथे तिच्या सल्लागारांना आणि माणसांना तिच्यापासून दूर ठेवलं आणि पुढे कागद सरकवले: अस्कवरचा हक्क सोडते, राजाच्या परवानगीशिवाय लग्न करणार नाही, जमीन कुणाला देणार नाही. तिने नकार दिला आणि निघाली. वाटेत राजाचा हुकूम पोचला: परत ये, नाहीतर तुझ्या जमिनी विसर. ती परत गेली. शिक्कामोर्तब झालं.

पुढे विल्यम डि ब्रेओस नावाच्या जुन्या धन्याने गॉवरवर दावा लावला, डिस्पेन्सरच्या पाठबळावर जिंकला आणि गॉवर फिरून डिस्पेन्सरांच्याच घशात गेलं. म्हणजे अस्कही नाही, गॉवरही नाही. सगळं कोर्टातून, सगळं कायदेशीर.

यानंतर तिने केलेली एक गोष्ट मला या सगळ्या चरित्रात सर्वांत मोलाची वाटते. मे १३२६ मध्ये, डिस्पेन्सर सत्तेच्या शिखरावर असताना, तिने क्लेअरला आपल्या माणसांसमोर गुपचूप एक निवेदन लिहून ठेवलं. मला कुठे पकडलं, कुठे ठेवलं, कशावर शिक्का मारायला लावला, काय धमकी दिली, हे तारीखवार. हे सगळं जबरदस्तीने झालं आहे आणि मी ते मान्य करत नाही. त्या क्षणी या कागदाचा उपयोग शून्य होता. कुठल्या कोर्टात दाखवणार? उलट सापडला असता तर जिवावर बेतलं असतं. तरी तिने तो करून ठेवला. व्हर्डनच्या प्रकरणात न सापडणारा तिचा आवाज इथे, दहा वर्षांनी, पहिल्यांदा ऐकू येतो, आणि तो थंड डोक्याने वकिली भाषेत बोलतो.

चार महिन्यांनी राजाचीच राणी इझाबेला समुद्रापलीकडून त्याच्याविरुद्ध फौज घेऊन उतरली. राजा पदच्युत झाला. २४ नोव्हेंबर १३२६ ला हेरफर्डला डिस्पेन्सरला हालहाल करून मारलं. अस्क एलिझाबेथकडे परत आलं.

## तिने चौथं लग्न का नाही केलं?

यावर मला विशेष विचार करावा लागत नाही. तिने ब्रह्मचर्याची शपथ घेतली. त्या काळी विधवांना बिशपसमोर अशी शपथ घेता येई. अंगठी आणि साधी वस्त्रं मिळत. मठात राहण्याची सक्ती नसे. घर, पैसा, नोकर, कारभार, सगळं तसंच. फक्त नवरा नाही. यात धर्मभावना नव्हती असं मी म्हणत नाही, ती मनापासून धार्मिक होती. पण शपथ घेतलेल्या बाईला लग्नाची पत्रं पाठवणं राजालाही अवघड जाई, हेही तिला कळत असणार.

पुढची अडतीस वर्षं ती एकटी राहिली. तिचे घरखर्चाचे हिशेब चर्मपत्राच्या गुंडाळ्यांवर लिहिलेले आहेत आणि त्यातल्या शंभरावर गुंडाळ्या आजही शाबूत आहेत. हिशेबाचं वर्ष २९ सप्टेंबरला, सेंट मायकलच्या सणाला सुरू होई; तोवर सुगी संपून वसूल यायला लागलेला असे. रोजची नोंद खातेनिहाय: भटारखाना, पेयं, स्वयंपाकघर, कोंबड्या, तबेला. आज भाकऱ्या किती गेल्या, बिअर किती, हेरिंग मासे किती, दाणा खाणारे घोडे किती. शुक्रवारी मांस नाही, मासे. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस तर मासेच मासे. मसाल्यांच्या खात्यात आलं, साखर आणि मिरी. त्या काळी युरोपात येणारी मिरी मुख्यतः मलबारच्या किनाऱ्यावरून निघून अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातून फिरत येई. तिचे स्वतःचे सोनार होते. कधी क्लेअरला, कधी एसेक्समधल्या बार्डफील्डला, कधी अस्कला असा मुक्काम हलता, आणि पुढे लंडनच्या वेशीबाहेर मिनरीज नावाच्या जोगिणींच्या मठालगत १३५२ मध्ये बांधलेलं घर. राजा तिसरा एडवर्ड आणि त्याचा मुलगा ब्लॅक प्रिन्स तिच्या पाहुण्यांत असत.

एवढा काटेकोर हिशेब हौस म्हणून कुणी ठेवत नाही. ज्या बाईला एकदा कागदानेच लुबाडलं, ती कागद सोडत नाही.

## आणि ज्यांच्या घामावर हे सगळं?

हा आक्षेप योग्य आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. तिच्या गावांतली पुष्कळशी कुळं बंधनातली होती: आठवड्यातले काही दिवस मालकिणीच्या शेतावर राबायचं, मुलीच्या लग्नाला मालकाची परवानगी आणि वर दंडासारखी रक्कम, बाप मेला तर गोठ्यातलं चांगलं जनावर मालकाकडे. बघा, राजाने एलिझाबेथच्या लग्नावर जी सत्ता गाजवली, तीच छोट्या मापात एलिझाबेथचे कारभारी तिच्या कुळांच्या मुलींवर गाजवत. स्वतः सोसलं म्हणून तिने ही पद्धत बदलली, असं काही दिसत नाही. तिच्या डोक्यातही ते आलं नसावं.

तिचा दानधर्म याच पैशातून झाला. केंब्रिजला १३२६ मध्ये युनिव्हर्सिटी हॉल नावाची एक छोटी संस्था निघाली होती. पैशांअभावी ती डबघाईला आली. १३३८ मध्ये एलिझाबेथने तिला आधार दिला, पुढे जमिनी आणि गावच्या चर्चांचं उत्पन्न जोडून दिलं आणि संस्थेचं नाव क्लेअर हॉल झालं. क्लेअर कॉलेज हे नाव १८५६ चं. तिची जिवलग मैत्रीण मारी डि सँ पोल, पेम्ब्रोकच्या अर्लची विधवा, हिने १३४७ मध्ये केंब्रिजलाच दुसरं कॉलेज काढलं, आजचं पेम्ब्रोक. दोघीही मोठ्या जहागिरीच्या आणि पुन्हा लग्न न केलेल्या विधवा.

१३५९ मध्ये एलिझाबेथने कॉलेजला नियमावली दिली. दहा वर्षांपूर्वी प्लेगने इंग्लंडची निम्म्याच्या आसपास माणसं नेली होती. नियमावलीच्या सुरुवातीला तिने लिहवून घेतलं आहे की रोगाने माणसं नेल्यामुळे विद्या ओसरत चालली आहे, म्हणून हे. ‘माणसं’ म्हणजे अर्थात पुरुष. तिथे शिकणारे पुढे पाद्री आणि वकील होणार, आणि ती दोन्ही दारं बायकांना बंद. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर एवढं साधं आहे: मुलींसाठी कॉलेज काढायचं असतं, हे १३५९ मध्ये कुणाच्या मनातच नव्हतं, काढणाऱ्या बाईच्याही नाही.

## शेवटी जहागीर कुठे गेली?

एलिझाबेथचं मृत्युपत्र २५ सप्टेंबर १३५५ चं आहे. अंत्यविधीला दोनशे पौंड वजनाचं मेण जाळावं, इथपासून नोकरचाकरांना नावानिशी काय काय द्यावं, इथवर. क्लेअर हॉलला पैसे, भांडी आणि पुस्तकं. मिनरीजच्या मठात तिचं दफन झालं.

पण जमीन मृत्युपत्राने जात नसे, ती वारसाकडे जाई. मुलगा विल्यम, अल्स्टरचा अर्ल, १३३३ मध्येच आयर्लंडमध्ये त्याच्याच माणसांकडून मारला गेला होता. मागे एकच मूल, जेमतेम वर्षाची मुलगी. तिचंही नाव एलिझाबेथ. क्लेअरची जहागीर एक दिवस हिची होणार, हे तेव्हाच ठरलं आणि १३४२ मध्ये राजा तिसऱ्या एडवर्डने तिचं लग्न आपला मुलगा लायनेल याच्याशी लावलं. नवरी दहा वर्षांची, नवरदेव पुरता चार वर्षांचाही नाही. आजी १३६० ला गेली आणि दोन वर्षांत लायनेल ‘ड्यूक ऑफ क्लॅरेन्स’ झाला. क्लॅरेन्स हा शब्द क्लेअरवरूनच आलाय.

या जोडप्यालाही एकच अपत्य झालं. मुलगी, फिलिपा. तिला मॉर्टिमर घराण्यात दिली. तिच्याबरोबर क्लेअर, अस्क आणि आयर्लंडची जमीनही गेली, आणि जमिनीबरोबर जातात तशी कागदपत्रांची पेटीही. मॉर्टिमरांच्या कारकुनांनी पुढे कधीतरी आपल्या वहीत घराण्याचे सगळे दस्त उतरवून घेतले. मे १३२६ चं ते गुपचूप केलेलं निवेदन आज आपल्याला वाचता येतं, ते त्या वहीतून.